धक्क्यावरचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘मरीना’ हा शब्द अलीकडे आपल्याकडेही कानावर येऊ लागला आहे. धनवंतांच्या खासगी नौका, त्या ओळीनं बांधून ठेवायची जागा, तिथंच पाणी, वीज, डिझेल, दुरुस्तीची सोय, असा त्याचा थाट असतो. कोचीला बोलगट्टी बेटावर अशी एक मरीना आहे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मांडव्याला शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या स्पीडबोटी येतात-जातात, पण तो थाट इकडे अजून पुष्कळसा आराखड्यांतच आहे. असो. नौका बांधायची जागा, तिची निगा, चढणारे-उतरणारे लोक आणि हे सगळं सांभाळणारं एक कुटुंब, एवढंच जर मरीनाचं सार धरलं, तर आमच्या खाड्यांवर अशी ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आम्ही त्यांना धक्का म्हणतो, बंदर म्हणतो. जुनी माणसं ‘तर’ म्हणतात. आज मला या धक्क्यावरच्या संसाराविषयी बोलायचं आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला धरमतरची खाडी, मग रेवदंड्याजवळ कुंडलिका, त्याखाली राजपुरीची खाडी आणि अगदी दक्षिणेला सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी. ही सारी पाणी समुद्राकडून आत शिरतात आणि जमिनीचे तुकडे करतात. त्यामुळे आमच्याकडे एक विचित्र अंतर असतं. समोरच्या गावातली मशीद दिसते, देवळावरचा झेंडा दिसतो, कोण धुणं वाळत घालतंय तेही दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. आगरदांड्याहून समोर दिघी दिसते. बागमांडल्याहून समोर वेसवी दिसते आणि ती तर जिल्ह्याबाहेर, रत्नागिरीत. अशा दोन काठांमध्ये सोयरिकी होतात, शाळा असतात, दवाखाना एकाच बाजूला असतो, बाजाराचा दिवस दुसऱ्या बाजूला. म्हणून तर हवी, आणि तर म्हटली की ती चालवणारं घर आलं.

राजपुरीच्या खाडीकाठचं असं एक घर मी लहानपणापासून बघत आलो आहे. ते माझं आजोळ. नाना वल्ह्यावर आणि शिडावर होडी चालवायचे. मामूंनी तिला इंजिन बसवलं. आता मामूंचा मुलगा सुकाणूवर असतो. घर धक्क्याला इतकं लागून की उधाणाचं पाणी ओटीच्या पायरीला येऊन टेकतं. या घरात घड्याळ आहे, पण त्याला फारसा मान नाही. मान आहे तो तिथीला.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाला वाटतं की भरती-ओहोटी म्हणजे चौपाटीवर पाणी जवळ आलं आणि लांब गेलं, एवढंच. आमच्या बाजूचा सगळा कारभार एका साध्या हिशेबावर चालतो. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, पहाटेही तीनच्या सुमाराला, आणि मधल्या नऊ वाजता ओहोटी. अष्टमी असेल तर सहाला भरती आणि बाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या आत जाल तसा थोडा उशीर होतो, पण तर चालवायला एवढं पुरतं. रोज भरती साधारण पाऊण तासानं, खरं म्हणजे त्याहून थोडी जास्तच, पुढं सरकते, म्हणून हा पाऊणचा गुणाकार.

माझी नानी पंचांग वाचत नव्हती. ती चांदरातीपासून मोजायची. अमावास्येनंतर बारीक कोर दिसते ती बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी, कधी एक दिवस इकडे, कधी तिकडे. त्यामुळे इस्लामी महिन्याच्या तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी निघते. समोरच्या काठावरचे कोळी तिथीनं मोजायचे, नानी चांदावरून मोजायची, आणि दोघांचं पाणी एकाच वेळी चढायचं. या हिशेबातून काही गमतीही निघतात. रमजानची ईद म्हणजे महिन्याची पहिली तारीख, म्हणजे द्वितीया किंवा तृतीया. त्या दिवशी दीड-दोनच्या सुमारास भरती. नमाज, शीरखुर्मा उरकून दुपारी जेव्हा माणसं समोरच्या काठावर सोयऱ्यांकडे निघतात तेव्हा खाडी नेहमीच तुडुंब भरलेली असते. बकरी ईद दहा तारखेची, म्हणजे एकादशी-द्वादशीच्या आसपास. त्या दिवशी पाणी सकाळी आठ-नऊला भरतं आणि दुपारी गोश्तीची ताटं घेऊन निघालेल्यांना चिखल तुडवावा लागतो. गणेश चतुर्थीला सकाळी नऊला ओहोटी असते. म्हणून खाडीपलीकडून मूर्ती आणायची तर शहाणी माणसं ती तृतीयेच्या दुपारीच आणतात. मूर्ती मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला चिखलातून चालवत नेण्याची हिंमत कुठलाही तरवाला करत नाही. नारळी पौर्णिमेला मात्र पाणी बाराच्या आसपास भरलेलं, ऐन दुपारी, त्यामुळे नारळ सोडायला सगळा गाव धक्क्यावर उभा राहू शकतो.

पौर्णिमा-अमावास्येला पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. त्याला उधाण म्हणतात. मुंबईच्या बाजूला या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे दोन पुरुषांहून जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आता यातली अडचण बघा. उधाणाच्या दिवसांत भरती बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. शाळेची पोरं, कामावर जाणारे, शेवटची एसटी गाठणारे, सगळ्यांची वेळ नेमकी तीच. होडी धक्क्याला लागतच नाही. पन्नास-साठ पावलं गाळात उभी राहते. मग मामू फळ्या टाकतात, वृद्धांना हात देतात, आणि भाबी घरापुढं पाण्याचं भांडं भरून ठेवते, लोकांना पाय धुवायला. अष्टमीला उलट. सकाळ-संध्याकाळ पाणी धक्क्याला भिडलेलं, उतारू बूट न काढता उतरतात आणि कुणाला भाबीच्या भांड्याची आठवण राहत नाही.

घराचं जेवण, झोप, सारं याच चक्रावर फिरतं. पंधरवड्यात एकदा तरी पहाटे तीनला होडी हलवावी लागते, कारण ओहोटीला ती खडकावर बसली तर बुडाची फळी जाते. या घरातली मुलं ‘आज जेवण केव्हा?’ असं विचारत नाहीत. ‘आज पाणी केव्हा?’ असं विचारतात.

इथं मी कवी म्हणून दोन वाक्यं बोलून घेतो. मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला लोक अजून कौतुकानं विचारतात, ही भाषा तुमच्या घरात आली कुठून? मी म्हणतो, धक्क्यावर या. ‘बंदर’ फारसी. ‘लंगर’ फारसी. ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. आज कोळ्यांच्या गाण्याबोलण्यात त्याच्याइतका आपला शब्द दुसरा नाही. ‘खलाशी’ अरबीतून आला, ‘सुकाणू’चं मूळही अरबीतच सापडतं. आणि होडी, वल्हं, शीड, भरती, ओहोटी हे आपले इथल्या मातीचे. एका होडीत हे सगळे शब्द बसतात आणि त्यांना कधी कुणी वेगवेगळं तिकीट फाडलेलं नाही. पुढं जाऊ.

तर चालवायला परवानगी लागते हे पुष्कळांना माहीत नसतं. ‘ज्याची होडी त्याची तर’ असं ते नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची ४८ छोटी बंदरं १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत आहेत. कामाच्या सोयीसाठी त्यांचे वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला असे पाच समूह केलेले आहेत. म्हणजे आमची राजपुरी, मुंबईच्या माणसाला जी फक्त जंजिऱ्याला जायची पायरी वाटते, ती एका अख्ख्या समूहाची नावधारी आहे. मार्गाचा ठेका मंडळ देतं, त्याची रक्कम भरावी लागते, उतारूंमागे शुल्क असतं. नौकेची नोंदणी, दरवर्षी तिची तपासणी, जिला सगळे ‘सर्व्हे’ म्हणतात, विमा, चालवणाऱ्याचा परवाना, माणशी एक लाइफ जॅकेट, अग्निशामक, हे सगळं आलं. सर्व्हेच्या वेळी होडीच्या कुशीवर रंगवलेला एक आकडा महत्त्वाचा: किती माणसं.

तो आकडा म्हणजे या धंद्याची सगळी नीती आहे, असं मी म्हणेन. डिझेल एका फेरीला जेवढं लागायचं तेवढं लागतं, मग होडीत दहा माणसं असोत की तीस. फायदा फक्त शेवटच्या पाच-सहा माणसांत असतो. आणि धोकाही त्यांच्यातच असतो. एका लग्नाचं वऱ्हाड आलं होतं, पन्नासच्या वर माणसं. मामूंनी दोन फेऱ्या सांगितल्या. वरपिता भडकला, मुहूर्त टळेल म्हणाला, दुप्पट पैसे देतो म्हणाला. मामू म्हणाले, ‘दादा, पैसे एकाच फेरीचे द्या, पण फेऱ्या दोनच होतील.’ नवरदेव पहिल्या फेरीत गेला, वरपिता दुसऱ्या फेरीत, आणि पुढं वर्षभर तो माणूस मामूंशी बोलला नाही. अशी भांडणं धक्क्यावर दर सणाला होतात. ज्याच्याकडे तर आहे त्याला गावात थोडं वाईट दिसण्याची तयारी ठेवावी लागते.

ही तयारी आमच्याकडे कुठून आली तेही सांगायला हवं. १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली. अमावास्येचा दिवस, भर पावसाळा, सणाला गावी निघालेली माणसं. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अलिबाग-पेणच्या बाजूला किती गावांत किती घरांचे दिवे त्या दिवशी विझले, त्याची मोजदाद आजही आजीच्या तोंडून नातवाकडे जाते. हा इतिहास जुना झाला म्हणावं, तर १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी बोट पाण्यात गेली. पोलिसांची नौका जवळच होती म्हणून त्यातले ८८ जण वाचले. आणि १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यात पंधरा माणसं गेली. त्यानंतर काही दिवस सगळीकडे लाइफ जॅकेटची सक्ती झाली. आमच्या होडीत ती पूर्वीपासून होती, फक्त उतारू ती उशाला घेऊन बसायचे. आता निदान गळ्यात अडकवतात.

धक्क्यावरच्या घरात बाई काय करते, याची नोंद कुठल्याच परवान्यावर नसते. नानी तिकिटांचा गल्ला सांभाळायची, हे दिसणारं काम. न दिसणारं बरंच होतं. पलीकडच्या डॉक्टरनं दिलेल्या औषधाची बाटली, सोनाराकडचा दागिना, पोस्टाचं पाकीट, कुणाच्या घराची किल्ली, शाळेत विसरलेलं दप्तर, सगळं तिच्या फडताळात येऊन पडायचं आणि योग्य माणूस आला की बिनबोभाट त्याच्या हातात जायचं. त्याहून मोठं काम म्हणजे मोजणी. सकाळी कोण पलीकडे गेलं आणि संध्याकाळपर्यंत कोण परत आलं नाही, हे तिच्या डोक्यात असायचं. शेवटची होडी बांधायच्या आधी ती विचारायची, ‘अमुक आली का?’ आली नसेल तर होडी थांबायची. कुणा सासुरवाशिणीला माहेरी मुक्काम करायचा असेल तर तिला नानीला निरोप ठेवावा लागे. नाहीतर रात्री सगळा काठ जागा व्हायचा. आज मोबाइल आहे. पण भाबीची मोजणी अजून चालू आहे, कारण गाळातल्या वाटेवर मोबाइलच्या बॅटऱ्या संपतात.

नानांच्या काळात रोजच्या लोकांकडून रोकड भाडं घेत नसत. भाताचं पीक हाती आलं की घरटी ठरलेलं भात धक्क्यावर यायचं. परक्या माणसाकडून तेवढे पैसे. इंजिन आलं आणि हा व्यवहार संपला, कारण डिझेलवाला भात घेत नाही.

रात्रीची हाक ही या घराची खरी परीक्षा. समोरच्या काठावर कुणीतरी पेटती चूड हलवायचा. सुक्या झावळ्यांची ती मशाल अडीच-तीन वेळा गोल फिरली की समजायचं, बाळंतीण आहे किंवा विंचू-साप आहे. नाना उठायचे. पुढं विजेरी आली, आता फोन वाजतो. ओहोटी असेल तर बाजेसकट माणसाला गाळातून उचलून आणावं लागतं, आणि चार माणसं नसतील तर घरातल्या बायका खांदा देतात. रात्रीच्या फेरीचं भाडं घेऊ नये असा या घराचा रिवाज. मामूंना एकदा मी विचारलं, हे परवडतं का? ते म्हणाले, ‘दिवसाचं भाडं लोक कशाला देतात? रात्री आपण आहोत म्हणून.’ मला हे अर्थशास्त्र पटतं. एखाद्या मार्गावर दिवसा किती उतारू मिळतात एवढंच पाहून ठेका मोजणाऱ्यांना ते कागदावर मांडता येत नाही.

पावसाळ्यात चित्र बदलतं. उघड्या समुद्रातल्या मुंबईच्या लाँचेस बंद होतात. जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बांधून ठेवतात. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. खाडीच्या आतली तर मात्र वारा बघून, एकेक फेरी तोलून चालते. त्याआधी होडी वर काढून डागडुजी करायची असते, आणि त्यालाही तिथी लागते. होडी ओढायची ती उधाणाच्या भरतीला, म्हणजे पाणीच तिला जितकं वर नेता येईल तितकं नेतं. पण गंमत अशी की उधाणाला वर चढवलेली होडी भांगाच्या पाण्याला पोचत नाही. पुन्हा पाण्यात सोडायची तर पुढच्या उधाणाची वाट, पंधरा दिवस. दुरुस्ती आठ दिवसांत झाली तरी उरलेले सात दिवस घरात कमाई नाही. बुडाला चिकटलेली कवचं खरवडायची, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, मग रंग. लाकूड पोखरणारा समुद्री किडा एकदा शिरला की बाहेरून फळी ठणठणीत दिसते आणि आतून चाळण झालेली असते. म्हणून मामू फळीवर बोटानं टकटक करून कान लावतात. फायबरच्या होडीला हा त्रास नाही, आणि त्यामुळे होडी बांधणारे सुतारही उरले नाहीत.

राजपुरीच्या शिडांचा उल्लेख केला, त्यावर थोडं. जंजिऱ्याला नेणाऱ्या त्या होड्या आजही वाऱ्यावर चालतात, आणि पाळीपाळीनं निघतात, त्यामुळे एकाच घराची चंगळ होत नाही. त्यांत कोळी आहेत, मुसलमान आहेत. किल्ल्याच्या दरवाजाशी पाणी सतत हलतं. तिथं पायरी आणि होडी यांच्या मधला तो एक क्षण साधून माणसाला वर चढवणं, ही कला पुस्तकात शिकवता येत नाही. सिद्दींनी तीनशे वर्षं हा किल्ला कुणाला घेऊ दिला नाही, हे सगळे वाटाडे सांगतात. दरवाजा असा बांधला की लांबून दिसतच नाही, तेही सांगतात. पण तो दरवाजा शोधून काढून रोज शेकडो पर्यटकांना सुखरूप आत-बाहेर करणाऱ्या तांडेलाचं नाव कुणी विचारत नाही.

आता मोठ्या नौकांकडे येतो. धक्क्यावरच्या कुटुंबानं मोठी उडी मारली त्याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. दापोलीच्या मोकल कुटुंबाच्या सुवर्णदुर्ग शिपिंगनं २००३ मध्ये दाभोळ-धोपावे या मार्गावर मोटारगाड्या नेणारी फेरीबोट सुरू केली. पुढं वेसवी-बागमांडले मार्गही आला आणि रायगड-रत्नागिरी हे दोन जिल्हे गाडीतून न उतरता जोडले गेले. आगरदांडा-दिघीलाही गाड्या नेणारी बोट आहे. तिला आमच्याकडे ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. नाव कसंही असो, युक्ती सुरेख आहे. बोटीचं बूड सपाट, पुढचा दरवाजा खाली पडून त्याचाच पूल होतो, आणि काठावर धक्का नसून काँक्रीटचा उतार असतो. पाणी वर असो की खाली, बोट उतारावर जिथं पाणी असेल तिथं तोंड टेकवते. भरती-ओहोटीचा प्रश्न इतक्या सोप्या रीतीनं सुटतो, आणि आमच्या नानांनी जन्मभर फळ्या टाकल्या! मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवाही सुरू झाली, पण ती मोठ्या भांडवलाची गोष्ट. गोव्यात नदीवरच्या फेऱ्या सरकारचं नदी परिवहन खातं चालवतं आणि पायी जाणाऱ्याला भाडं नसतं. मला ती व्यवस्था बरी वाटते, मात्र तिथला फेरीवाला सरकारी नोकर असतो. रात्री फिरणारी चूड बघायला त्याचं घर धक्क्यावर नसतं.

आणि पूल. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं रस्ता जावा, हे त्यांचं स्वप्न. चाळीस वर्षं त्याची चेष्टाही झाली. आता त्या सागरी महामार्गावरचे खाडीपूल खरोखर हाती घेतले गेले आहेत. धरमतरच्या खाडीवर रेवस-करंजा, आमच्या राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, आणि बरीच वर्षं अर्धवट राहिलेला बागमांडले-बाणकोट. मी पुलाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्यानं बाळंतिणीला रात्री दोन वाजता गाळातून नेताना पाहिलंय तो पुलाच्या विरुद्ध असूच शकत नाही. माझी मामेबहीण आधी पूल मागते आणि मग भावाच्या पोटाची काळजी करते, आणि दोन्हीत ती प्रामाणिक आहे.

पण पूल झाला की तरवाल्याचं काय, हा प्रश्न कुणाच्या अंदाजपत्रकात नाही. रस्त्यात ज्याची जमीन जाते त्याला मोबदला मिळतो. ज्याचा पाण्यावरचा रस्ता जातो त्याच्याकडे सातबारा नसतो. एवढं तरी करता येईल की पुलाखालचे जुने धक्के पडू न देता ते त्याच घरांकडे पर्यटनाच्या होड्यांसाठी, मासेमारीच्या नौका लावण्यासाठी द्यावेत. गाळ काढावा, दिवा लावावा, पाण्याचा नळ द्यावा. मरीना मरीना म्हणतात ती याहून फार वेगळी नसते. आणि पुलांचा भरवसाही किती धरावा? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला, दोन एसट्यांसकट. त्याच सावित्रीवर खाली आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला तेव्हा लोकांसाठी पुन्हा फेरीबोटच आणावी लागली होती. बोट आणता आली, कारण ती चालवणारी माणसं अजून किनाऱ्यावर होती.

मामूंच्या घरात सध्या याच प्रश्नावर रोज बोलणं होतं. थोरला नातू जहाजावर आहे, धाकट्याला कुवेतला जायचंय. आमच्या भागात हे नवं नाही. ‘सफरीवर गेलाय’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. मधला मात्र बारावी झाला आणि तर चालवण्याचा परवाना काढून घरीच राहिला. त्याला नवी फायबरची होडी घ्यायची आहे, बँकेचं कर्ज दहा वर्षांचं. पूल त्याआधी होणार की नाही, हे बँकेच्या साहेबांनीही विचारलं. मामूंनी अखेर जुनी लाकडी होडी विकायला काढली नाही. तिला नवं इंजिन बसवायचं ठरलं. पूल झाला तर इंजिन काढून विकता येईल, असा त्यांचा हिशेब. येत्या अमावास्येच्या उधाणाला होडी वर काढायची आहे. चार माणसं कमी पडतात म्हणून मला बोलावणं आलंय, आणि भाबीनं सांगितलंय, चपला घालून येऊ नका.